जुन्या वसतिगृहाचं नूतनीकरण: आधी पाणी, शेवटी रंग

नवा रंग, नवी कपाटं, नव्या टाइल्स. आणि पहिल्याच पावसानंतर कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतीला पोपडे. विद्यापीठांच्या जुन्या वसतिगृहांची कामं अशीच बिघडताना मी पाहिली आहेत. कारागीर बहुतेक ठिकाणी चांगले होते. काम मात्र उलट्या टोकाकडून सुरू झालं होतं. बैठकीत सगळे खोलीबद्दल बोलतात, कारण खोली सगळ्यांना कळते. पन्हळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

म्हणून इथे क्रमच सांगतो: पाणी, भार, आग, मग नळ आणि वायरी, मग आवाज, मग खोली, आणि अगदी शेवटी रंग. चुन्यात बांधलेल्या दगड-विटांच्या भिंती आणि लाकडी तुळया असलेल्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. परवानग्यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते तिथल्या जाणकारांकडूनच घ्या.

टप्पा १: इमारत रिकामी कधी होणार, ते ठरवा

"सुट्टीत उरकून टाकू." या एका वाक्याने जेवढी कामं बिघडवली तेवढी वाळवीने बिघडवली नसतील. दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीत वायरिंग होतं, सुतारकाम होतं. ओली भिंत वाळत नाही. बांधकामातला जुना ठोकताळा असा, की ओलीचं मूळ बंद केल्यावर भिंत महिन्याला साधारण २५ मिलिमीटर जाडी इतकी वाळते. ४५० मिलिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी नऊ महिने गेले. वेळापत्रक नवीन प्रवेशाच्या तारखेपासून मागे मोजत आणा आणि हे नऊ महिने त्यात बसतात का, ते पाहा. बसत नसतील तर छप्पर आणि पाण्याची कामं एक वर्ष आधी उरका, खोल्या पुढच्या वर्षी घ्या. पैसाही दोन हप्त्यांत लागतो, हा वरचा फायदा.

मुलं राहत असतानाच काम करायचं झालं तर इमारतीची एकेक बाजू पूर्ण रिकामी करा. अधूनमधून चार खोल्या, असं नको. कामगारांचा जिना वेगळा, मुलांचा वेगळा. परीक्षेच्या आठवड्यांत तोडफोड बंद, हे निविदेतच लिहा. नंतर तोंडी सांगितलं की कंत्राटदार मुदतवाढ मागतो, आणि त्याचं म्हणणं बरोबरच असतं.

*इशारा:* अर्धवट कामाच्या काळात सुटकेचा जिना गोण्यांनी अडतो आणि धुळीमुळे वाजते म्हणून धुराची घंटा बंद ठेवली जाते. या दोन्ही गोष्टी रोज संध्याकाळी कुणीतरी पाहायच्या. कोण, त्याचं नाव लिहून ठेवा.

टप्पा २: कशाला हात लावायचा नाही, त्याचा नकाशा

वारसा इमारतींचा जाणकार बहुतेक वेळा नकाशे पूर्ण झाल्यावर बोलावला जातो. मग तो नाही म्हणतो आणि सगळे त्याच्यावर चिडतात. त्याला पहिल्या दिवशी बोलवा. त्याच्यासोबत फिरून मजल्यांच्या नकाशांवर तीन रंग भरा. लाल म्हणजे हात लावायचा नाही: मुख्य जिना, कठडा, व्हरांड्याच्या कमानी, जुनी फरशी. पिवळा म्हणजे परवानगी घेऊन बदलता येईल. हिरवा म्हणजे मोकळीक. नंतरच्या काळात घुसडलेल्या प्लायवूडच्या भिंती, जुन्या न्हाण्या वगैरे. नव्या सोयी हिरव्यात बसवायच्या. इतकं केलं तरी पुढची निम्मी भांडणं टळतात.

खिडक्यांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. लाकडी खिडकी गळते म्हणून सरसकट ॲल्युमिनियम बसवतात. एकेक खिडकी तपासली तर बहुतेकींचा फक्त खालचा आडवा भाग कुजलेला सापडतो. तेवढा कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडता येतो.

दारं-खिडक्या उतरवण्याआधी प्रत्येकाला पत्र्याचा क्रमांक खिळ्याने ठोका. एका कामावर आम्ही चौसष्ट दारं खडूने क्रमांक घालून अंगणात रचली होती. रात्री पाऊस आला. सकाळी सगळी दारं सारखीच! जुन्या इमारतीत एकही चौकट काटकोनात नसते, त्यामुळे कुठलंही दार कुठेही बसत नाही. दोघे सुतार चार दिवस दारं डोक्यावर घेऊन मजले चढत-उतरत होते. शेवटी एकाने बिजागऱ्यांच्या जुन्या खाचा जुळवून पाहायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मेळ लागला.

टप्पा ३: अंदाजपत्रकाआधी उघडून पाहा

नुसत्या पाहणीवर काढलेलं अंदाजपत्रक फसतं. मजल्याला निदान पाच-सहा जागी फरशी, छत आणि गिलावा उघडा. जागा निवडायच्या त्या वाईटच: न्हाणीखालचा मजला, पन्हळीच्या नळाला लागून असलेली भिंत, छपराची वळचण.

त्याही आधी एक काम. ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग यांची प्रयोगशाळेत तपासणी. ॲस्बेस्टॉस जुन्या पत्र्यांत असतो, गरम पाण्याच्या पाइपांवरच्या वेष्टनात असतो, जुन्या चिकट फरशीखालीही असू शकतो. तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. नमुन्याचा निकाल येईपर्यंत छिन्नी बाहेर काढू नका. जिन्याच्या कठड्यावरचा जुना तैलरंग कोरडा घासणं तर नकोच. ती धूळ विषारी असते.

तुळई मधोमध धडधाकट दिसते आणि भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं, कारण ओल तिथेच. भिंतीलगतचा गिलावा थोडा काढा आणि टोकाला जाड आरी टोचून पाहा. चांगल्या लाकडात ती अडते, कुजक्यात लोण्यात गेल्यासारखी जाते. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर २० टक्के हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या वर सातत्याने राहिलेलं लाकूड बुरशीच्या तावडीत जातं.

भिंतीत तडा असेल तर त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना जिप्समने चिकटवा, तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे. वर्षभराचे ऋतू जाऊ द्या, कारण काही तडे उन्हाळ्यात उघडतात आणि पावसात मिटतात. त्यांना लिंपणारा माणूस दरवर्षी लिंपतच राहतो.

*तपासणी:* उघडलेल्या प्रत्येक जागेचा फोटो, नकाशावर खूण, आणि "काय सापडलं" याची एक ओळ. एवढं झाल्यावरच आकडे मांडा. वर अनपेक्षित खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवा. मी स्वतः पंधरा ते वीस टक्क्यांच्या खाली जात नाही.

टप्पा ४: पाणी

या टप्प्यावर जास्त वेळ घालवा.

वरून सुरुवात करा. छपरावर चढून फुटकी कौलं मोजणं सोपं आहे. पाणी बहुतेकदा शिरतं ते दोन उतार मिळतात त्या पन्हळीतून, धुराड्याच्या बुंध्यातून आणि भिंतीच्या आत दडवलेल्या नळातून. भर पावसात, दिवा घेऊन, छपराखालच्या पोकळीत अर्धा तास उभे राहा. कुठल्याही अहवालात सापडत नाही ते तिथे दिसतं. पाऊस नसेल तर पाइपने पाणी सोडा, पण खालून वर, एकेक भाग. एकदम शेंड्यावर सोडलं तर गळती नेमकी कुठली, ते कळत नाही.

मग जमिनीकडे या. जुन्या इमारतीभोवती दर काही वर्षांनी नवा थर पडतो: आधी मुरूम, मग फरशी, मग डांबर, मग पेव्हर ब्लॉक. जोतं हळूहळू गाडलं जातं. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या वर गेली की पाण्याला आत यायला वेगळं निमंत्रण लागत नाही. तो भराव काढा आणि उतार भिंतीपासून दूर न्या. खोलीतल्या ओलीवर हजार औषधं मिळतात, पण एवढ्या खोदकामाने बरी झालेली ओल मी कितीदा पाहिली आहे.

आता भिंत. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंटचे दर्जे (दगड-विटांमधले सांधे सिमेंटने भरणं), ही चूक इतकी सर्रास होते की ती पद्धतच वाटावी. चुन्याची भिंत ओल घेते आणि सांध्यांतून परत सोडते. सांधे सिमेंटने बुजवले की ओल दगड-विटांच्या तोंडातून बाहेर पडू लागते, सोबत आलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात, आणि विटेचा चेहराच गळून पडतो. सांधा विटेपेक्षा मऊ हवा. झिजायचंच असेल तर त्याने झिजावं. सांधा पुन्हा भरता येतो, दगड परत आणता येत नाही.

जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ग्राइंडर चालवला की पातं हमखास विटेच्या कडेला लागतं. चुना दोन प्रकारचा असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सावकाश कडक होणारा एक, आणि पाण्याने आवळणारा जलचुना दुसरा. कुठला वापरायचा हे जुन्या चुन्याच्या तपासणीवरून ठरवा. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हे नेहमीचं प्रमाण आहे, पण ते डोळे मिटून वापरू नका. ताजं काम गोणपाटाने झाकून ओलसर ठेवा. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर त्या दिवशी चुन्याचं काम नकोच.

*इशारा:* लोणा (ओलीसोबत बाहेर आलेले क्षार) लागलेल्या भिंतीवर ओल अडवणारा रंग लावून घाईने ताबा दिला जातो. असा रंग साधारण एक हंगाम टिकतो, आणि तेवढ्यात बिल पास झालेलं असतं. भिंतीला श्वास घेता येईल असा चुन्याचा किंवा सिलिकेटचा रंगच लावा.

टप्पा ५: भार

जुन्या वसतिगृहात मजल्याच्या टोकाला एक सामाईक न्हाणीघर असतं. आज प्रत्येक दोन-चार खोल्यांमागे एक हवं असतं. मागणी रास्त आहे, पण आधी गणित करा. राहत्या खोल्यांसाठी मजला साधारण चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापराचा भार धरून बांधतात. ५० मिलिमीटर सिमेंटचा थरच शंभर किलोच्या पुढे जातो, त्यावर दगडी फरशी म्हटली की आणखी पन्नास. मुलं अजून आलेलीच नाहीत! आणि छपराखालच्या पोकळीत कुणी पाण्याची टाकी चढवायला निघालं तर त्याला सांगा, की मीटरभर उंच पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन.

म्हणून नवी न्हाणीघरं एकावर एक, सर्व मजल्यांवर त्याच जागी, जाड भिंतींच्या कुशीत घ्या. हलके थर वापरा. लाल खुणेच्या दर्शनी बाजूला धक्का लागत नसेल तर मागच्या अंगाला स्वतःच्या पायावर उभा वेगळा मनोरा बांधून नळ, न्हाणी आणि लिफ्ट त्यात घालणं मला सगळ्यात स्वच्छ वाटतं.

मधल्या भिंती पाडतानाही एक फसगत होते. मूळ नकाशात ती भिंत भार घेत नसते. पण वरची तुळई वर्षानुवर्षं वाकत येऊन तिच्यावर टेकलेली असते. पाडल्यावर वरचा मजला बसतो. आधी टेकू, मग हातोडा.

टप्पा ६: आग

लांब व्हरांडा, मधोमध एकच लाकडी जिना, दारांवर हवेसाठी झरोके, मजल्यांमध्ये पोकळी: धुराला पळायला याहून सोयीची इमारत नाही. आणि आत माणसं झोपलेली.

जिना दारांनी बंदिस्त करा, व्हरांडा मध्ये तोडा, झरोके आगरोधक काचेने बंद करा. जुनी फळ्यांची दारं फेकायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. कडेने उष्णतेने फुगणारी पट्टी, आतून आगरोधक पातळ तक्ता आणि आपोआप मिटणारी बिजागरी लावून ती सुधारता येतात. किती मिनिटं टिकतील याचं प्रमाणपत्र मात्र तज्ज्ञाकडून घ्या.

मुलं अशा दारांखाली पाचर घालतात. रागावून उपयोग नाही, दार जड असतं आणि हातात बादली असते. दार उघडं धरणारा विद्युतचुंबक बसवा, जो घंटा वाजली की सुटतो. घंटेचा आवाज व्हरांड्यात नाही, उशीपाशी मोजा, दार बंद ठेवून. अनेक प्रमाणकांत तिथे ७५ डेसिबल सांगितलेले असतात.

*तपासणी:* छत बंद करण्याआधी प्रत्येक पाइप आणि वायरीभोवतीचं भोक आगरोधक लगद्याने भरलं का, ते टॉर्चने पाहा. फोटो घ्या. छत बंद झाल्यावर हे कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा ७: नळ, वायरी, इंटरनेट

जुन्या भिंतीत खाचा मारू नका. बंद पडलेली धुराडी, हवेसाठीचे जुने उभे मार्ग, कळशीच्या मोऱ्यांच्या उभ्या पोकळ्या शोधा. बहुतेक पाइप त्यांतून वर जातात. उरलेली वायर भिंतीवरून, नीट ओळीत, धातूच्या नळीतून नेली तरी वाईट दिसत नाही. ड्रेनेजच्या प्रत्येक वळणाला उघडता येणारं तोंड ठेवा. न्हाणीघराची फरशी बसवण्याआधी जलरोधक थरावर ४८ तास पाणी साठवून खालच्या मजल्यावरून पाहा. चोवीस तासांत काही दिसत नाही म्हणून पाणी सोडून देणारे बरेच भेटतात.

विजेचा भार ठरवताना दिवे-पंखे मोजून थांबू नका. चाळीस खोल्यांपैकी तेरा खोल्यांत एकाच वेळी २ किलोवॅटची किटली लागली तर २६ किलोवॅट तिथेच झाले. किटलीबंदीचा फलक लावून किटल्या थांबत नाहीत, फक्त पलंगाखाली जातात. प्रत्येक मजल्यावर छोटं स्वयंपाकघर द्या आणि खोलीतल्या सॉकेटना ३० मिलिॲम्पियरचं गळतीरोधक उपकरण (वीज गळली की पुरवठा तोडणारं) लावा.

इंटरनेटचं यंत्र व्हरांड्यात लावून भागेल असं सगळ्यांना वाटतं. अर्धा मीटर जाड दगडी भिंत सिग्नल गिळून टाकते. खोलीगणिक, फार तर दोन खोल्यांमागे एक केबल न्या. तांब्याची केबल १०० मीटरपेक्षा लांब चालत नाही, त्यामुळे लांबलचक इमारतीत जोडणीची कपाटं दोन लागतील. त्यांना हवा आणि कुलूप हवं. झाडूच्या खोलीत ती बसवू नका.

गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवा. न्यूमोनियासारखा आजार करणारा लीजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो, आणि दीर्घ सुट्टीत पाइपांत पाणी साचून राहतं. सुट्टीत आठवड्यातून एकदा सगळे नळ सोडायचं काम कुणाकडे, तेही ठरवा.

टप्पा ८: आवाज आणि हवा

विद्यार्थ्यांना विचारा, पहिली तक्रार आवाजाची येते. लोक मग भिंत जाड करतात. भिंत आधीच जाड आहे! आवाज दाराखालून येतो. दोन मीटर दहा सेंटीमीटर उंच दाराखाली दहा मिलिमीटरची फट म्हणजे दाराच्या क्षेत्राच्या जेमतेम अर्धा टक्का. पण तेवढ्यानेच कितीही भारी दार २३ डेसिबलच्या पलीकडे आवाज अडवू शकत नाही. दार मिटलं की खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते. आधी ती लावून पाहा.

वरच्या मजल्यावर चालल्याचा आवाज वेगळा. त्यासाठी वाशांमधल्या पोकळीत खनिज लोकर भरा आणि खालचं छत रबरी टांगण्यांवर तोलून घ्या. रस्त्याकडच्या बाजूला जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काच लावा, मध्ये निदान १०० मिलिमीटर अंतर ठेवून.

एवढ्या फटी बुजवल्या की खोलीत हवा खेळत नाही, कपाटामागे बुरशी येते. म्हणजे हवेचा मार्ग वेगळा द्यायचा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवायचं नाही.

टप्पा ९: चाकाच्या खुर्चीतून एक फेरी

हा टप्पा इथे लिहिला असला तरी नकाशावर तो दुसऱ्याच टप्प्यात यायला हवा. उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे ४५० मिलिमीटर उंच जोत्याला ५.४ मीटर लांब उतार. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, वळायला दीड मीटरचं वर्तुळ. उतार कचऱ्याच्या डब्यांशेजारच्या मागच्या दाराला जोडून मोकळे होऊ नका. आणि खोली सोयीची केली पण अभ्यासिकेला तीन पायऱ्या राहिल्या, असं हमखास होतं. खुर्ची मागवा आणि नकाशे काढणाऱ्यालाच त्यात बसवून इमारतभर फिरवा.

टप्पा १०: एक खोली पूर्ण करा, तिथे कुणाला तरी राहू द्या

बाकीच्या खोल्यांचे सॉकेट बसवण्याआधी एक नमुना खोली रंगासकट तयार करा आणि दोन विद्यार्थ्यांना दोन आठवडे राहायला द्या. एकदा आम्ही फर्निचरचा नकाशा न पाहता वायरिंग केलं. नमुना खोलीत सहापैकी चार सॉकेट पलंगाच्या डोक्यामागे गेले होते. तिथे राहिलेल्या एका मुलीने पहिल्याच रात्री एक्स्टेंशन आणून दारापासून टेबलापर्यंत पसरली. तिला आणखी काय खुपलं याची यादी तिने दिली: कपाटाचं दार उघडलं की खोलीचं दार उघडत नाही, ओला टॉवेल टाकायला जागा नाही, व्हरांड्यातला दिवा झरोक्यातून थेट डोळ्यांवर येतो. तीनही गोष्टी एका दुपारात सुधारल्या. सगळ्या खोल्या तयार झाल्यावर हे कळलं असतं तर कुणी हात लावला नसता.

रंग यानंतर. भिंतीतला ओलावा कमी झाला आहे हे यंत्राने पाहून, मगच.

टप्पा ११: ताबा घेताना

किल्ल्या घेण्याआधी चार गोष्टी हातात घ्या. प्रत्यक्ष जसं झालं तसे नकाशे, बंद छतांमागचे फोटो, जुन्या फरशीचे आणि कौलांचे जादा नग, आणि वापरलेल्या चुन्याचं प्रमाण एका पानावर. शेवटचं पान सगळ्यात आधी हरवतं. त्याची एक प्रत देखभालीच्या माणसाच्या भिंतीवर लावा, नाहीतर पाच वर्षांनी तो निखळलेला सांधा सिमेंटने भरेल.

पन्हळी वर्षातून दोनदा साफ करायच्या. पानगळीनंतर आणि पावसाआधी. आणि कंत्राटदाराची शेवटची रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा. पहिल्या मुसळधार पावसाच्या रात्री त्यालाही सोबत घेऊन छपराखालच्या पोकळीत पुन्हा अर्धा तास उभे राहा.